गटारातला वाटा

प्रिय दादा,

घरपट्टी थकली म्हणून परवा तुझं घर लिलावात गेलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी घेतलं. गल्लीने खर्च वाटून बांधलेल्या नव्या गटारातला तुझा वाटाही भरायचा राहिलाच होता. नगरपालिकेचे साहेब म्हणाले, "लिलाव झाला की ती बाकी सुटली, ताई. नव्या मालकावर येत नाही."

म्हणजे बोजा शेजाऱ्यांच्या डोक्यावर. माझी मान खाली गेली. पण काल सामान घेऊन आल्यावर त्या बाई म्हणाल्या, "सांडपाणी माझंही तिकडूनच जाणार ना? मी भरते." शेजारी बाईंचं सामान उतरवायला धावले.

तुझा पत्ता नाही, म्हणून हे पत्र माझ्यापाशीच राहील. कधी आलास तर तिथली कडी वाजवू नकोस. सरळ माझ्याकडे ये. का गेलास, ते मी विचारणार नाही.

तुझी धाकटी