न खपलेला केशरी केक आणि लव्हडेचं पालकत्व

मी, पेरन ट्रेगिअर, वय वर्षे तेवीस, धंदा होड्यांची इंजिनं दुरुस्त करणं, राहणार बंदराची उतरण, पोर्थेलन, कॉर्नवॉल, हे माझ्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. ते लवकर तापतं ही गोष्ट वेगळी. आत्ता थंड आहे आणि मला कोणी धाक घातलेला नाही. येत्या सोमवारी प्लिमथला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. "बहुतेक सगळे बरे होऊन घरी जातात," असं डॉक्टर म्हणाले. ते 'बहुतेक' माझ्या घशात अडकलं आहे, म्हणून हे मृत्युपत्र. याआधी मी कोणतंही केलेलं नाही.

१. घर. आईचं हे घर, ओव्हनसकट, माझी धाकटी बहीण लव्हडे हिचं. वय वर्षे सात. वडील तिच्या जन्माआधीच गेले. आई गेली तेव्हा मी फॅलमथला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आईने तिच्या मृत्युपत्रात मला लव्हडेचा पालक नेमलं होतं, म्हणून कॉलेज सोडून आलो. त्यावर अजून हळहळणाऱ्यांनी आता थांबावं.

२. हत्यारं. तीही लव्हडेची. 'मुलीला पाने-पकडी कशाला' असं कोणी म्हणू नये.

३. शाळेची केक-विक्री. हे इस्टेटीत बसत नाही, तरी लिहिणार. दर सत्राला शाळेचा फतवा येतो: केक घरीच केलेला हवा. आईबाप दिवसभर राबून येतात आणि अंडी फेटत बसतात. केक शाळेला फुकट द्यायचा, मग पोराच्या हातात नाणी देऊन तोच विकत आणायचा. तोंडाने सगळे "किती छान उपक्रम!" म्हणतात आणि फाटकाबाहेर दातओठ खातात. पालक-समितीच्या हॉस्किंगबाई तर दुकानातला केक खोक्यातून काढतात, कडा सुरीने ओबडधोबड करतात, वर पिठीसाखर भुरभुरवतात आणि पहिल्या रांगेत मांडतात. माझा असतो आईच्या पद्धतीचा केशरी केक. यीस्टने फुगवलेला, केशर आणि बेदाणे घातलेला, वर आयसिंग नाही की रंगीत गोळ्या नाहीत. तो मांडतात मागे, चहाच्या किटलीच्या आड. "पेरन, राजा, हा जरा पावासारखा दिसतो, नाही का रे?" असं बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. त्यांना माझी पिठीसाखरेची चाळणी द्यावी. शाळेत गेलेले आमचे केकचे डबे ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांना ते लखलाभ. माफ मात्र केलेलं नाही.

४. केरेन्झा नान्स. शाळेत मदतनीस आहे, केकच्या टेबलावर तीच उभी असते. तिच्यावर माझं प्रेम आहे. तिला ठाऊक आहे, गावाला ठाऊक आहे, आता कोर्टालाही कळू दे. माझा केक दर वेळी संपायचा. रिकामं ताट दाखवून मी लव्हडेला म्हणायचो, "बघ, आईचा केक गावाला आवडतो." नाताळच्या विक्रीनंतर तो अख्खाच्या अख्खा केरेन्झाच्या गाडीत दिसला, मफलरमध्ये गुंडाळलेला. दर वेळी तीच घेऊन जात होती.

मी फाटकापाशीच ओरडलो, "भीक घालतेस आम्हाला?"

"हळू बोल. पोरगी ऐकतेय."

"ऐकू दे! आईच्या केकला कुत्रंही विचारत नाही, कळू दे तिला!"

लव्हडेने तेव्हापासून त्या केकला हात लावलेला नाही. केरेन्झा माझ्याशी बोललेली नाही.

५. पालकत्व. सगळा कागद यासाठी आहे. मी परतलो नाही तर लव्हडेची पालक केरेन्झा. नाही तर ब्रिस्टलची लोरामावशी तिला घेऊन जाणार. फोनवर म्हणालीच, "घर विकून टाकू, पोरीला इकडे आणू. तू आधी बरा हो हं." बरा हो शेवटी, घर आधी! पण नुसतं नाव लिहून भागत नाही. केरेन्झा नको म्हणाली तर हे कलम फुकट. शेजारच्या क्लेमोकाकूंबरोबर निरोप धाडला आहे. उत्तर आलेलं नाही.

६. मोबदला. पोर सांभाळण्याबद्दल माझी गाडी आणि बँकेतली शिल्लक केरेन्झाला.

इथवर लिहिलं आणि क्लेमोकाका-काकू साक्षीला आले. पाठोपाठ मागच्या दाराने केरेन्झा. तिने कोटही काढला नाही. कागद ओढून उभ्यानेच वाचला. पुढे जे झालं ते सहीआधी इथेच नोंदवतो.

"मोबदला?" ती म्हणाली. "पगारावर ठेवतोयस मला?"

"मी कोणाकडून फुकट काही घेत नाही."

"तेच तर दुखणं आहे तुझं. झडप राहिली बाजूला."

"आणि दया केलेली चालते?"

"पहिला केक दया आली म्हणूनच घेतला, जा! पुढचे आवडले म्हणून. आता सहावं कलम खोड."

"नाही खोडणार."

"बरं. काकू, तुम्ही बसा. तुमच्या जागी सही मी करते."

क्लेमोकाकांनी चष्मा वर केला. "पोरी, साक्षीदाराला मृत्युपत्रातून छदामही मिळत नाही. कायदा आहे तो. पालक होशील, पण गाडी नाही, पैसा नाही."

"म्हणून तर करतेय, काका."

मी विचारलं, "म्हणजे हो म्हणतेस?"

"लव्हडेला हो म्हणतेय. तुझं काय ते तू परत आल्यावर बघू. ती जिन्यावर बसलीय, तिला सांगून ये."

जाऊन सांगितलं. लव्हडेने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, मग तू परत येणार नाहीयेस का?"

मी तिला उचलून टेबलापाशी आणलं. अजून खाली ठेवलेलं नाही. अक्षर वाकडं आलं आहे ते त्यामुळे. दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

पेरन ट्रेगिअर
पोर्थेलन, शनिवार, १५ मार्च २०१४

आमच्यासमोर सही झाली:
१. विल्फ्रेड क्लेमो, शेजारी
२. केरेन्झा नान्स. पालकत्व पत्करलं. गरज पडू नये.