सोळा पट

११ जून १९५५, शनिवार
दिघे ओव्हरसियर येऊन गेले. रिटायर झाल्यापासून इमारतींच्या किमती काढून देतात. वहिनीची स्नेहलतागंजातली तीन दुकानं विकायची आहेत. दादा गेल्यापासून भाडं मी वसूल करते, म्हणून बोलणीही माझ्याकडे. तिच्या सुमनला नागपूरला डॉक्टरकीला जागा मिळाली. सगळ्या वर्षांचे मिळून दहा हजार हवेत. कमी आले तर जाणं नाही. वहिनी स्पष्ट म्हणाली, "वन्सं, अर्ध्यावरून परत आणण्यापेक्षा नकोच."

वाटलं होतं, दिघे टेप लावतील, भिंती ठोकून बघतील. टेप पिशवीतून काढलीच नाही. भाडं विचारलं, लिहून घेतलं. म्हणाले, "या रोडचा पट सोळा."

"सोळाच? एवढ्यात शाळा बंद करतात."

दिघे माझ्याकडे बघायला लागले. मग हसले. मी बत्तीस वर्षं शाळेत काढली, माझ्या लेखी पट म्हणजे हजेरीवरच्या मुली. दुसरा अर्थ मनात आलाच नाही. सोळा वर्षांचं भाडं ती इमारतीची किंमत, एवढंच.

हसणं जरा लांबलं त्यांचं.

१३ जून, सोमवार
स्नानानंतर मांडून पाहिलं. शंभर भागिले सोळा, सव्वासहा. म्हणजे द.सा.द.शे. सव्वासहा. म्हणजे हे तर 'व्याज व दर दिले आहेत, मुद्दल काढा'!

सातवीचं उदाहरण. किती वर्गांना घातलं, चुकलेल्यांना बाकावर उभं केलं. ते मुद्दल म्हणजे छपरासकट उभी इमारत असते, हे मला कधी दिसलं नाही. 

तीन दुकानांचं भाडं महिना २४, २४ आणि ८. वर्षाचे ६७२. कर-दुरुस्ती १३२ वजा, राहिले ५४०. गुणिले १६.

८६४०. पुरत नाहीत.

१६ जून, गुरुवार
दिघ्यांना त्यांच्या घरी गाठलं. सगळीकडे सोळाच का? नाही. राजवाड्यासमोर वीस. भंवरकुआंला दहा मिळाले तरी खूप, आजूबाजूला शेतंच. त्याच्याही पुढच्या राऊचं विचारलं तर म्हणाले, "राऊला कौन पूछता है, बाई!"

भाडं येत राहील याचा भरोसा जेवढा, तेवढा पट. भरोसा कमी तर घेणारा टक्का जास्त मागतो. टक्का चढला की किंमत उतरते. दोनदा सांगायला लावलं.

टांगा केला नाही, चालत आले. प्रत्येक रस्त्याच्या माथ्यावर एक आकडा आहे. कुणी लिहिला नाही, सभा भरवून ठरवला नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्यालाही माहीत होता. (विचारून पाहिलं. "सोला-सत्रा, बाईजी.") अजून न उगवलेली सोळा वर्षं माणसं आज विकत घेतात, आणि वर पान खातात.

कॉलेजात असताना दुर्बिणीतून शनीची कडी पाहिली होती. तसं त्यानंतर आजच वाटलं.

२० जून, सोमवार
घेणारे सेठ बाबूलालजी आले. सरबत दोनदा घेतलं. ८६४० मान्य. "हिसाब बराबर है, बहनजी. पर बीच की दुकान खाली करवा दो, तो साढ़े ग्यारह हजार हाथ में."

मधलं दुकान वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या गेंदालाल जिल्दसाजाचं. चोवीस वर्षं आठ रुपये; नवा भाडेकरू तिप्पट देईल. आमच्या शाळेचे हजेरीपट त्यानेच बांधले.

मी म्हटलं, चोवीस वर्षांत याची एक पहिली तारीख चुकली नाही. शेजारचे मिठाईवाले पाच वर्षांत तीन बदलले. भरोसा म्हणजे पट ना? मग गेंदालालच्या भाड्याला वीस लावा.

"आदमी पक्का है बहनजी, मानता हूँ. मगर पक्के तो आठ ही रुपये हैं ना!"

मी सरबताचे पेले उचलले.

नंतर वीस लावूनही पाहिले. दहा हजार होत नाहीत.

वहिनी म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्याला. तुमचं ऐकेल." तेच तर.

२५ जून, शनिवार
दुकानात गेले. खळीचा वास. तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सुन लिया, बाईजी." मिठाईवाल्याने सांगितलं असणार. "आप बोलो तो खाली. कहाँ जाऊँ, वो भी आप ही बोल दो."

बोलायचं होतं ते राहिलं आणि मी त्याला पट समजावत बसले. वर्गात उभी असल्यासारखी. त्याने दोरा दातांत धरून सगळं ऐकलं. मग म्हणाला, "तो मैं आठ की जगह सोलह दूँ तो?"

आठ गुणिले बारा गुणिले सोळा, १५३६. एकूण १०१७६.

एक वाक्य. वीट हलली नाही, चुना लागला नाही, आणि इमारत दीड हजाराने वाढली. सुमन डॉक्टर झाली. माझ्या हातावर काटा आला, खोटं कशाला लिहू.

"देशील कुठून?"

"वो मेरा हिसाब." चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला तोडून बोलला.

छापील रजिस्टरं आल्यापासून त्याचं काम निम्म्यावर आहे. फळीवर मोजून सहा वह्या होत्या.

२८ जून, मंगळवार
दिघ्यांना विचारलं, चार-सहा महिन्यांनी त्याला सोळा झेपले नाहीत तर? "नवा मालक काढेल. तुमचं काय जातं? तोवर विक्री होऊन गेली."

म्हणजे भरोसा त्याचा, धोकाही त्याचा, मुद्दल आमचं.

सुमन म्हणाली, "आत्या, काही ठरलं का?" म्हटलं, लोळून वाचू नकोस.

३० जून, गुरुवार
सेठ उद्या अकराला येणार, पावतीबुक बघायला. शेवटच्या पावतीवर जे भाडं, त्यावर भाव.

१ जुलै, शुक्रवार
साडेनऊ. गेंदालाल आला, पहिली तारीख म्हणजे येणारच. दहाची एक नोट, पाचाची एक, एक रुपया. तिन्ही वेगवेगळ्या घड्यांच्या. पावतीबुक त्यानेच बांधलेलं, शिवण अजून घट्ट आहे.

"लिखो, बाईजी."

तारीख घातली. नाव घातलं. 'भाड्यापैकी रुपये' इथवर आले. आठ लिहिले तर आठ परत द्यायचे, आणि आत सुमन ट्रंकेवर नाव रंगवते आहे. सोळा लिहिले तर तो हसत जाईल. किती महिने झेपतील, ते मला सांगणार नाही.

दोन्ही उत्तरं बरोबर येतात. असं उदाहरण मी कधी घातलं नाही.

चष्मा आणते म्हणून आत आले. चष्मा डोळ्यांवरच आहे.

ओट्यावरून हाक येते आहे, "बाईजी, मिला क्या?"