पाचाहून कमी म्हणजे शून्य नव्हे

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार, आणि मामींनाही तितकाच. गुडघा कसा आहे? मामी म्हणतात, दुखणं कमी आहे. कमी म्हणजे किती, ते कुणीच सांगत नाही. (हल्ली 'कमी' शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. कारण पुढे आहे.)

तुम्ही ज्या पाणी-तपासणी प्रयोगशाळेतून प्रमुख म्हणून निवृत्त झालात, तिथे माझ्यावर बालंट आलंय. आपलं जुनं यंत्र आठवतं ना? पाण्यातलं शिसं लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं की त्याला दिसायचंच नाही. (तुम्हीच त्याला 'आंधळे आजोबा' म्हणायचात.) आम्ही इमानेइतबारे 'पाचाहून कमी' लिहायचो आणि वार्षिक सरासरी काढताना त्या जागी खुशाल शून्य घातलं जायचं. अहो, दिसलं नाही म्हणजे नाहीच का? मांजरानं डोळे मिटून दूध प्यायलं तरी जगाला दिसायचं ते दिसतंच.

यंदा नवं यंत्र आलं. त्याला एकापर्यंत दिसतं. तलावाच्या पाण्यात तीन निघालं, मी तीन लिहिलं. तलाव तोच, पाणी तेच. पण अहवालातली रेघ शून्यावरून टुणकन तीनवर चढली. साहेबांनी बोलावलं. म्हणाले, "बाई, यंत्र तुमच्या हातात आलं आणि तलाव नासला कसा?" मी तलावात कधी पायसुद्धा बुडवलेला नाही! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? मी समजावलं की आधीही तीन असेल, एक असेल, चारही असेल. माहीत नसलेला आकडा माहीत नाही असं धरूनच सरासरी काढायची रीत संख्याशास्त्रात आहे. त्यावर म्हणाले, "बरं, तुमचंही नको, आमचंही नको. जुन्या नोंदींना पाचाचे निम्मे, अडीच धरा." अडीच! शिसं म्हणजे काय मेथीची जुडी आहे, घासाघीस करायला?

सोमवारी अकरा वाजता चौकशी आहे. दोष माझ्यावर आला तर बाटल्या धुण्याच्या खोलीत बदली. बारा वर्षं आम्लं हुंगली ती यासाठी? मामा, मला खरंच रडू येतंय. ज्या अर्धवटानं हे शून्य सुरू केलं, त्यालाच त्या खोलीत उभं करायला हवं.

तुमची भाची

ता. क. : इथवर लिहून झालं आणि जुनी फाइल हाती आली. शून्य धरण्याच्या आदेशाखाली सही तुमची आहे. वरचा 'अर्धवट' शाईनं लिहिलाय, आता खोडत नाही. सोमवारी येऊन एवढंच सांगा, की चूक तुमची होती.

ता. क. दुसरा : आला नाहीत तरी साहेबांपुढे मी तुमचं नाव घेणार नाही. मामींना मात्र आत्ताच फोनवर सगळं सांगितलं. सोमवारी गाडी नऊला तुमच्या दारात येईल. त्याही सोबत बसणार आहेत.