फोटोमागच्या खुणा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. रडू येत होतं, पण लिहायला काही सुचत नव्हतं. रविवारी पुसायला म्हणून तुमचा फोटो उतरवला आणि मागे भिंतीवरच्या भेगेशेजारी तुमच्या पेन्सिलच्या खुणा दिसल्या. पाडवा, दिवाळी, संक्रांत, होळी. त्या त्या सणाला भेगेचं टोक जिथे होतं, तिथे एक आडवी रेघ.

विसरलेच होते हो मी! तेराव्याला पाहुणे येणार, भिंत वाईट दिसते, म्हणून मीच तुमचा फोटो मुद्दाम त्या भेगेवर टांगला. वर हारही घातला.

बारावीत गणितातलं डेरिव्हेटिव्ह माझ्या डोक्यावरून जायचं. तुम्ही मला नळाखालच्या बादलीसमोर बसवलंत. "किती भरली ते विचारू नकोस, आत्ता किती वेगाने भरतेय ते विचार. दोनदा बघ. मग त्या दोन वेळा जवळ आण, आणखी जवळ." ठाण्याच्या क्लासमध्ये मुलांना मी आजही हेच सांगते. आणि घरी तुम्हालाच म्हणाले, "बाबा, भिंतीवर काय शाळा मांडलीय?"

"हातभर भेगेला मी घाबरत नाही गं," तुम्ही म्हणालात. "पाडव्यापासून दिवाळीपर्यंत एक बोट वाढली. दिवाळी ते संक्रांतही एकच बोट, पण दिवस निम्म्याहून कमी लागले." मी हसले. तेव्हा ओरडला का नाहीत माझ्यावर?

संक्रांत ते होळी दोन बोटं. नंतर तुम्ही गेलात, आणि पुढची खूण करायला कुणी उरलं नाही.

रविवारी मी माझी रेघ मारली. आज बुधवार. भेग रेघेच्या एक बोट वर गेलीय. तीन दिवसांत, बाबा! सकाळपासून आतल्या खोलीचं दार चौकटीला घासतंय.

खालचे चेअरमन काका म्हणतात, "मॅडम, हातभर तर भेग आहे. इतकी वर्षं उभी आहे बिल्डिंग. गणपती होऊ द्या, मग बघू." तेही 'किती' एवढंच बघतात. आणि आई? तिचं एकच, "वर्षश्राद्ध होईपर्यंत ह्यांचं घर सोडून मी कुठेही यायची नाही." मघाशी तुमच्यापुढे दिवा लावायला गेली, तर निरांजनात भिंतीची माती पडलेली. तिने ती फुंकरीने उडवली आणि वात लावली. मला भीती वाटतेय, बाबा. खूप.

सामानाचं नंतर बघू. हे पत्र संपवून मी आधी तुमचा फोटो काढणार आणि तो घेऊन मोहने गावी मावशीकडे निघणार. तुम्ही जिन्याने उतरलात की आई मागोमाग येईल, शिव्या देत का होईना. जाता जाता चारही मजल्यांची दारं वाजवीन. वेडी म्हणाले तरी चालेल.

तुमचं वर्षश्राद्ध मी नीट करीन, हा शब्द देते. फक्त या घरात नाही.

उशिरा शिकलेली,
तुमची सुमी