छबूची हजेरी

बीड, ९ जानेवारी १९८७

ती. भिवराआक्कास,
धाकट्या शहादेवचा शि. सा. न. वि. वि.

गावच्या उत्तरेश्वरबरोबर छबूला तुझ्याकडं कारखान्यावर पाठवलं आहे. रागावू नकोस. आमच्या ग्राहक सोसायटीच्या माडीवर शाळा सुटल्यावर मी फुकट अभ्यासवर्ग चालवतो, ते तुला ठाऊकच आहे. जागा चाळीस आणि दारात उभी साठ पोरं. म्हणून आठवड्यात चार खाडे पडले की नाव कमी, हा नियम मीच केला. छबूचे तर सगळेच खाडे. विचारलं की मान खाली घालून उभी. भाचीसाठी नियम मोडला तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. सातवीची परीक्षा तोंडावर आली आणि हिला अभ्यासाचं सोयरसुतक नाही. मग इथं ठेवून उपयोग काय?

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
शहादेव


कारखान्याचा तळ, २४ जानेवारी

चि. शहादेवास आक्काचा आशीर्वाद.

मी सांगती, छबू लिहिती. आल्या आल्या तिला दोन ठेवून दिल्या. वर्गाला कावून जात न्हवतीस म्हणलं, तर रडली बी न्हाई. आता माझ्यामागं उसाच्या मोळ्या बांधती. पाचटानं हात चिरलेत, म्हणून अक्षर वाकडं हाय. आमच्यामुळं तुला खाली बघावं लागलं, ते पोटात घाल. मला वाटलं व्हतं, एक तरी पोर कोयत्यातून सुटंल.

तिकडं लई दुष्काळ म्हणत्यात. घरात प्यायला पाणी असतं का रे? जिवाला जप.

तुझी आक्का


बीड, ११ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. कोणत्या तोंडानं लिहू?

छबू गेली आणि तिसऱ्या दिवशी वर्गातला माठ कोरडा पडला. पोरं पाणी मागायला लागली. माठ रोज कोण भरतं, हे मी कधी विचारलंच नव्हतं. खाली बोळात राहणाऱ्या रहेमतबीनं सांगितलं. टँकर साडेपाचला येतो, माझा वर्गही साडेपाचलाच. छबू रांगेत उभी राहून आधी माझ्या घरच्या चार घागरी भरायची, मग वर्ग सुटल्यावर वर्गाचा माठ. आमच्या घरच्यांनीच तिला पाण्याला लावलं होतं. मामीची चहाडी नको, म्हणून पोर गप्प राहिली. रहेमतबी म्हणाली, मास्तर, तुमी खिडकीतून खाली कावून बघितलं न्हाई?

मी हजेरीचं पुस्तक काढलं. कमी केलेली अकरा नावं, त्यांत नऊ पोरी. सगळ्या त्याच रांगेतल्या. पोरींना गोडी नाही, असं मी सभेत बोललो होतो. लाज वाटते आक्का.

आता वर्ग सातला भरतो. आमच्या घागरी मी नेतो. नऊही पोरींची नावं पुन्हा लिहिली, छबूचं पहिलं. रविवारी न्यायला येऊ का? नको म्हणालीस तरी तोंड वर करून बोलणार नाही.

अपराधी,
शहादेव


कारखान्याचा तळ, २० फेब्रुवारी

शहादेवास आशीर्वाद.

तुझं पत्र छबूनंच वाचून दाखवलं. घागरींच्या ओळीपाशी आली आन् थांबली. मी तिला मारलं रे. तुझी चूक तू लिहून मोकळा झालास, मी माझी कुणाला सांगू? यायचं का न्हाई, ते तिचं तिला ठरवू दे. खाली तीच लिहील, काय लिहिलं ते मी इचारणार न्हाई.

आक्का


मामा, सा. न.

रविवारी या. दप्तर मी संगंच आणलंय.

एक सांगते, मामीला बोलू नका. तुम्ही माडीवर हजेरी घ्यायचात, ती खाली रांगेत ऐकू यायची. माझं नाव आलं की मी रोज हजर म्हणायची.

तुमची,
छबू