दोघांची पथारी

लालबाग,
डिसेंबर १९५६

प्रिय दत्तारामा,

तुला हसू येईल, पण मला झोप येत नाही. खोलीतली बाकीची मंडळी डोकं टेकताच घोरायला लागतात आणि मी आढ्याकडे बघत पडून असतो. अख्खी पथारी आपल्याला मिळावी म्हणून किती जीव टाकायचो आपण! आता ती माझ्या एकट्याची आहे, हवं तसं आडवंतिडवं पडावं, तर अंगाखाली नुसती गार लागते.

तुझी रातपाळी होती तेच बरं होतं. तू कामाला उठायचास आणि मी तुझ्या उबेत शिरायचो. उशीला तुझ्या खोबरेलाचा वास येतो म्हणून रोज कटकट करायचो. तू खांद्यावर थाप मारून म्हणायचास, "नीज रे मेल्या, आता तुजी पाळी." एवढं कानावर पडलं की पुढचं मला काही आठवत नसे. एका पथारीवर वर्षं काढली आपण, पण दोघं एकदम जागे असे सुट्टीच्या दिवशीच भेटायचो. तरी तुझ्यावाचून फार एकटं वाटतं रे.

जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा तू काही मोर्चात नव्हतास, पाळी करून झोपायला येत होतास. गोळी लागून पाय गेला आणि तू गावी जाऊन गप्पच झालास. शेवंतीवहिनींनी मास्तरांकडून पत्र लिहवून घेतलं, ते पोचलं. तू कुणाशी बोलत नाहीस, तुझाही रात्ररात्र डोळा लागत नाही म्हणे. इथे खोलीत सगळे सांगतात, दत्ताराम आता कसला येतोय, त्याच्या जागी नवा माणूस घे. मी भांडलो सगळ्यांशी.

म्हणून हे पत्र. खाणावळीच्या मीराबाईंना बसून मासे साफ करायला, भाजी चिरायला भरवशाचा माणूस हवाय. मी तुझं नाव सांगितलं. म्हणाल्या, हात चालतात ना, मग बोलाव. काम दिवसाचं आहे, म्हणजे पथारी तुला रात्री लागणार आणि तिच्यावर दोघं मावायचे नाहीत. तेव्हा मी गिरणीत जॉबरच्या मागे लागून रातपाळी मागून घेतली आहे. लोक म्हणतात, याला वेड लागलंय. लागू दे. तू फक्त ये. संध्याकाळी मी पडून पथारी ऊन करून ठेवीन आणि कामाला निघताना तुझ्या खांद्यावर थाप मारून म्हणेन, नीज रे मेल्या, आता तुजी पाळी.

तुझाच,
रामदास