काळजाची कणी

प्रिय इफ्फतखानम,

सलाम. गुडघे कसे आहेत? कझवीनला बर्फ पडला असेल. इकडे तेहरानमध्ये हीटर लावूनही कियुमर्सचे पाय गार पडतात, मी चोळत बसते. बायकोनं करायचं ते मी करतेय, हे आधीच सांगून ठेवते.

कारण दवाखान्यात मला कुणी बायको समजतच नाही. दर बायोप्सीला तुम्ही माझ्याआधी हजर. मानेच्या शिरेतून तार घालून ते नव्या हृदयाची कणी-कणी चिमटून काढतात, तोवर बाहेर माझा जीव टांगणीला. आणि दार उघडलं की आधी आत तुम्ही! छातीला कान लावून, "बोल रे यूसुफ, कसा आहेस?" अहो, हृदय तुमच्या लेकाचं, पण भोवती अख्खा माझा नवरा आहे ना! तोही लबाड. मी शर्टाची बटणं लावायला गेले की म्हणतो, "थांब गं, खानमचं होऊ दे." तुमच्या शोलेजर्दवर दालचिनीनं नाव यूसुफचं, आणि तो केशरी गोड भात चाटूनपुसून खाणारा माझा. मी घासही घेतला नाही. मत्सरच तो, दुसरं काय.

मागच्या वेळी तपासणीतून उरलेल्या कण्या तुम्ही नर्सकडे मागितल्यात, यूसुफच्या कबरीत पुरायला. गेलेल्या माणसाचं काही मातीबाहेर राहू नये, हे मलाही कळतं. पण ते काळीज गेलेलं नाही ना! माझं डोकंच फिरलं. "ते आता आमचं आहे, तुम्ही परक्या, कणीसुद्धा मिळायची नाही," असं मी सगळ्यांदेखत बोलले. तुम्ही डोक्यावरची चादर सावरून निघून गेलात. त्यानंतर फोनही नाही. खरं सांगू, मला बरं वाटलं.

काल रिपोर्ट आला. कियुमर्सचं शरीर ते काळीज परकं समजून त्याच्यावर उठलंय. औषध वाढवलंय, मंगळवारी पुन्हा कण्या काढून बघणार. तो म्हणतो, "खानमला कळवू नकोस, तिचा मुलगा दुसऱ्यांदा जाईल." म्हणून त्याच्या नकळत लिहितेय. डॉक्टर हसतील मला, पण परकं म्हणायला सुरुवात मीच केली, हे मनातून जात नाही. तुम्ही या. कान लावा, हवा तेवढा वेळ. मी खोलीबाहेर मात्र जाणार नाही, त्याचा हात धरून बसेन. यूसुफला सांगा, राहा म्हणावं इथंच. माझं तो ऐकायचा नाही. आई तुम्ही आहात.

कितीही जळले तरी तुमचीच,
गोलनार